घडी घातलेलं भाषण

रविवार, १९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू मागितले नव्हतेस हे ठाऊक आहे, पण पाकिटात जागा होती.

इकडे आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त कुरकुरते. कानातलं यंत्र टीव्ही बघताना काढून ठेवते आणि माझ्याशी भांडायचं असलं की शोधून घालते. माझं संख्याशास्त्र चालू आहे. अजून चार वर्षं शिकवायचं, मग मुलांची सुटका.

पत्र बघून चमकला असशील. सहा वर्षांत आपण एकमेकांना जे लिहिलं ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. "पोचली." "ताप उतरला." "औषधं मिळाली." आणि जूनमध्ये तुझी लेक आमच्या कॉलेजात दाखल झाली तेव्हा आलेला तुझा निरोप: "तिला भाषणाला उभी करू नकोस." मी "बरं" असं कळवलं होतं.

तर सांगायचं असं की शुक्रवारी ती उभी राहिली. सव्वाशे माणसांसमोर. मी उभी केली नाही, तिची ती राहिली. रागावण्याआधी सगळं वाच. तू एकेक अक्षर तपासत वाचणारा माणूस, मधली पानं गाळणार नाहीस याची खात्री आहे.

झालं असं. पावसाळ्यानंतर प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, पोरं मुलाखतीत त त प प करतात. तुम्ही एक वर्ग घ्या. तुम्हाला बोलायचं काय वावडं?" वावडं! आई म्हणाली, "मासोळीला पोहायला शिकवायची नोकरी दिली म्हणायची." मला त्यात काही खोच दिसली नाही. मी खूश होते.

जुन्या प्रयोगशाळेमागची खोली मिळाली. स्टुलं सगळी वेगवेगळ्या उंचीची, एक खिडकी कायमची बंद, आणि प्रोजेक्टरचा पंखा पोरांपेक्षा मोठ्याने बोलणारा. चौदाजण आले. एक मुलगा पुढे यायचा, "नमस्कार" म्हणायचा, लगेच "धन्यवाद" म्हणायचा आणि जागेवर जाऊन बसायचा. त्याचं नावच 'धन्यवाद' पडलं. एक मुलगी कँटीनमध्ये तोंडाचा पट्टा थांबवत नाही, पण समोर उभी केली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहते. तिला सगळे 'वकीलबाई' म्हणतात. आणि शेवटच्या स्टुलावर तुझी लेक. पहिल्याच दिवशी जिन्यात गाठून म्हणाली, "आत्या, इथे मला ओळख दाखवू नकोस. आणि बाबांना सांगू नकोस." मी दोन्ही पाळलं. दुसरं पाळताना मला अपराधी वाटत होतं, तेही लिहून ठेवते.

पहिला महिना माझ्या पद्धतीने गेला. म्हणजे पोरं अडली की मी पुढचा शब्द द्यायचे. शब्दाने भागलं नाही तर वाक्य. वाक्याने भागलं नाही तर उठून स्वतः दाखवायचे, "हे बघा, असं." वर्ग मस्त रंगायचा. बोलायचे मी.

मग एक दिवस मी चिठ्ठ्या वाटल्या. उभं राहिल्यावर कशाची भीती वाटते ते लिहा, नाव घालू नका. मला वाटलं, हसतील याची, विसरू याची, हात थरथरतात, घशाला कोरड पडते, असंच काही येणार. तसं आलंही. पण चौदांतल्या पाच चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं. एकीवर लिहिलं होतं, "लोक हसले तर चालेल. पण अडलं की मॅडम आमचं वाक्य घेऊन जातात, मग ते परत मिळत नाही."

त्या चिठ्ठीतला ळ अगदी तुझ्यासारखा, खाली शेपूट ओढलेला.

मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल की पोरं आगाऊ आहेत. तिने यंत्र नीट बसवलं आणि म्हणाली, "लहानपणी पाहुणे धाकट्याला नाव विचारायचे आणि सांगायचीस तू. मला वाटायचं, बरं आहे, पोराचा त्रास वाचतो." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे उभी राहून कबूल केलं, की माझं चुकतंय, पण जित्याची खोड आहे, काय करू? तेव्हा वकीलबाईने घड्याळाकडे न बघता आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं: "मॅडम, तुम्ही तोंडात गोळी ठेवा." पेपरमिंटची गोळी. कुणी बोलायला उभं राहिलं की ती मी तोंडात ठेवायची, चावायची नाही, आणि ती विरघळेपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. मिठाची गुळणी धरायला माझी हरकत नव्हती, पण पेपरमिंट बरी. बाकीच्यांनाही नियम लागू: कुणी अडलं की शब्द सुचवायचा नाही, खाली बघायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. त्याच्याकडे बघत थांबायचं.

तुला सांगते, पहिले आठ दिवस मला डोकेदुखी झाली. दुसऱ्याची शांतता सहन करणं किती कठीण असतं! पण पोरं बोलायला लागली. 'धन्यवाद'ने सायकलचं चाक आणलं आणि पंक्चर कसं काढायचं ते काढत काढत सांगितलं. ट्यूब पाण्यात बुडवली तेव्हा बुडबुडा कुठून येतो ते शोधायला त्याला वेळ लागला, तेवढा वेळ तो गप्प होता, आम्हीही. मग "हा सापडला!" असं इतक्या आनंदाने ओरडला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी बघायला आलं. जागेवर जाताना धन्यवाद म्हणायचं विसरला.

आता शुक्रवारचं. सत्र संपताना सगळ्यांनी छोट्या सभागृहात बोलायचं ठरलं होतं. कुणावर सक्ती नाही. तुझ्या लेकीने यादीत स्वतःचं नाव घातलं आणि विषय लिहिला, 'माझे आजोबा'. मी जिन्यात म्हटलं, "बाबांना सांगितलंस?" म्हणाली, "आधी बोलते, मग सांगते."

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. तिने लिहिलेला मसुदा मला दाखवला आणि मी त्यावर जरा हात फिरवला. जरा म्हणजे, पोरीची दोनच वाक्यं शिल्लक राहिली. बोलण्यावर बंदी होती, लिहिण्यावर नव्हती, अशी मी पळवाट काढली.

ती उभी राहिली. कागद हातात. "माझे आजोबा आयुष्यभर छापखान्यात अक्षरांची सेवा करत राहिले. श्रम हाच त्यांचा श्वास होता." ही दोन वाक्यं माझी. मग ती थांबली.

मी गोळी तोंडात ठेवली होती. तिने कागदाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि कागदाची घडी घातली. एक घडी, मग दुसरी. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला होता, अर्धी उठले होते. शेजारी 'धन्यवाद' बसला होता. तो पुढे बघतच पुटपुटला, "मॅडम, संपली असेल तर दुसरी देऊ का?" मी बसले. खरंच संपली होती.

मग ती बोलली. मला जमेल तसं सांगते.

म्हणाली, "आजोबांबद्दल माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त सांगता येईल. मी बाबांबद्दल बोलते. माझे बाबा बोलत नाहीत, असं सगळे म्हणतात. ते छापखान्यात प्रुफं तपासतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून बघायचं, असं ते काम असतं. मी आठ वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की बोट ठेवायला बसायचे. बाबा वाचायचे. इतकी पुस्तकं मी त्यांच्या आवाजात ऐकली आहेत. चूक दिसली की मी टेबलावर टकटक करायचे. ते थांबायचे. कुठे काय चुकलं ते मला लगेच सांगता यायचं नाही. बाबा कधीच सांगायचे नाहीत, त्यांना दिसलेलं असलं तरी. मी सांगेपर्यंत थांबायचे. मला इथे बोलायची भीती वाटत होती. मग आठवलं, की मी अडले तरी कुणीतरी थांबतं, हे मला माहीत आहे."

पुढेही बोलली, पण मला नीट ऐकू आलं नाही. मी रडत होते, धाकट्या. टाळ्या वाजल्या त्या कळल्या.

नंतर बाहेर गाठून मी म्हटलं, "विसरलीस म्हणून केवढी घाबरले मी!" ती म्हणाली, "विसरले नव्हते, आत्या. ती वाक्यं माझी नव्हती."

आता जे लिहायला पत्र काढलं ते लिहिते. पाच पानं त्याच्या भोवती फिरले.

सहा वर्षांपूर्वी आपले बाबा गेल्यावर छापखान्यातली माणसं जमली होती. तू बोलणार होतास. भाषण मी लिहून दिलं होतं. तू दोन वाक्यं वाचलीस आणि थांबलास, आणि मी उठून तुझ्या हातातला कागद घेतला आणि उरलेलं वाचलं. सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की तू अडलास, लोकांसमोर तुझी फजिती होऊ नये म्हणून मी उठले. आईला हेच सांगितलं. स्वतःलाही.

तू अडला नव्हतास. अडलेला माणूस कागदात डोकं खुपसतो. तू मान वर केली होतीस आणि कागदाची घडी घालत होतास. मला ते तेव्हाच दिसलं होतं. तू माझं भाषण बाजूला ठेवून तुझं काहीतरी बोलणार आहेस, हे मला कळलं होतं. मला ते सहन झालं नाही. एवढं छान लिहिलं होतं मी! म्हणून अर्धी घडी घातलेला कागद तुझ्या हातातून ओढून घेतला. लोक म्हणाले, मुलीने काय भाषण केलं. मला ते आवडलं. घरी येताना रिक्षात मी खुशीत होते, बाबा जाऊन तेरा दिवस झाले असताना.

तू वीस वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसलास. त्यांच्याबद्दल मला माहीत नाही असं कितीतरी तुझ्याकडे होतं. त्या खोलीतल्या माणसांना ते ऐकायला मिळालं नाही. मलाही नाही. माझं चुकलं.

गुरुवारी मला सुट्टी आहे. दुपारच्या गाडीने येते आणि छापखान्यात तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसते. आईला आणत नाही, ती मधे बोलेल. तू काय बोलणार होतास ते मला ऐकायचं आहे. त्या दिवशीचं सगळं आठवत नसेल तर आठवेल तेवढं. सांगावंसं वाटलं नाही तर तू काम करत राहा, मी बसेन आणि परत येईन. परतीची गाडी साडेपाचची आहे. ती चुकली तर आठची.

तुझी,
फार उशिरा गप्प बसायला शिकलेली
ताई