आईच्या फोल्डरची परवानगी

चि. मधुसूदन यास शामलाताईचे अनेक आशीर्वाद. (ज्याला आशीर्वाद द्यायचे त्याच्याकडेच अर्ज करायची वेळ आली आहे, पण ते पुढे.) नाना बरे आहेत. पद्माचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नकोस.

आई गेल्यावर मुरार भागातलं आमचं बिऱ्हाड हलवून आम्ही माहेरी नानांकडे आलो, हे तुला ठाऊक आहेच. दोन कुकर, दोन मिक्सर, दोन बाळकृष्ण, सगळं हळूहळू एका घरात मावलं. मावले नाहीत ते फक्त माझ्या मोबाइलमधले आईचे बोल. पुरणात जायफळ जास्त घातलं म्हणून ती मला रागावते आहे, एवढंच ते रेकॉर्डिंग. मोबाइल हल्ली मधेच बंद पडतो, म्हणून ते तू बसवलेल्या फाइल सर्व्हरवर, ‘आई’ फोल्डरमध्ये, तिच्या मंगळागौरीच्या गाण्यांशेजारी ठेवायला गेले. तर उत्तर आलं, ‘आपणास परवानगी नाही.’ पासवर्ड बदलला, सर्व्हरचा डबा बंद करून चालू केला, उदबत्तीही लावली (हसू नकोस). बाड्याच्या बाजारातून दुरुस्तीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, “दीदी, डब्बा तो एकदम चंगा है, आप ही को मना कर रहा है.” इतकं स्पष्ट मला सासरीसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं.

नानांच्या टॅबवर मात्र सगळं उघडतं! वडीलधारे म्हणून तू त्यांनाच अ‍ॅडमिन करून ठेवलं आहेस, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. तिथेच मला माझं नाव दिसलं. लग्न झालेली बहीण म्हणून तू मला आधी ‘पाहुणे’ ग्रुपमध्ये घातलंस, आम्ही राहायला आल्यावर ‘घरचे’मध्येही घातलंस, पण आधीची खूण काढायला विसरलास. पाहुण्यांना आईच्या फोल्डरला मनाई, घरच्यांना मुभा. आणि दोन्हीकडे नाव असलं की या यंत्रात मनाईच जिंकते म्हणे. यंत्राला काय बोलायचं, मला स्वतःलाच कधी नक्की ठरवता आलेलं नाही.

नाना म्हणाले, “माझ्या नावाने ठेव की.” पण आई माझ्यावर रागावली होती रे, नानांवर नाही. मग ती खूण काढू का विचारलं, तर त्यांच्यातला ऑफिस सुपरिंटेंडेंट जागा झाला. “ज्याने ऑर्डर काढली, त्याच्याकडे लेखी अर्ज कर.” म्हणून हे पत्र. ‘पाहुणे’मधून माझं नाव काढ, एवढीच विनंती.

तुझी,
शामलाताई

ता.क. पाकीट बंद करण्याआधी नानांनी पत्र वाचलं (घरातून जाणारा प्रत्येक कागद ते वाचतातच). “तुला पाहुणी कोण म्हणालं?” एवढं विचारून त्यांनी समासात लिहिलं आहे, ते बघ: ‘अर्जदार घरचीच आहे. मंजूर.’

ता.ता.क. नंतर टॅब मागून त्यांनी खूण स्वतःच काढली. आई आता तिच्या गाण्यांशेजारी मला रागावते आहे. नानांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, जायफळ खरंच जास्त होतं.

आता तुझ्याकडे काम उरलं नाही. फक्त या खटपटीत तुझं नाव ‘पाहुणे’मध्ये गेलं आहे. चुकून की मुद्दाम, मी विचारलं नाही. अर्ज घेऊन दिवाळीला स्वतः ये. शिफारस मी करीन.