मार्थाबाईच्या कोंबड्या आणि एकोडीची दंडार

मु. एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा
मंडई आटोपल्यानंतरचा रविवार

चिरंजीव अतुल यास आनंदमामाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, तुझ्या मामीचे गुडघे सोडून. ते तिच्या मते सासर बदललं असतं तर बरे झाले असते, पण आता त्याला फार उशीर झाला. तुझी आई ठणठणीत आहे. परवा तिने नळाच्या पाण्यावरून ग्रामसेवकाला असं फैलावर घेतलं की तो समोरचा चहा न पिताच गेला (तो चहा मी प्यायलो). तू कसा आहेस? वेळेवर जेवतोस का? थंडीत कानटोपी घालतोस, की तिथले लोक हसतील म्हणून खिशात ठेवतोस? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तू "मामा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून फोन ठेवतोस. मी जन्मभर पोस्टात काढला. पत्राला मीटिंगचं कारण सांगून गप्प करता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहून, फोटो काढून पाठवतो आहे. अक्षर बारीक वाटलं तर बोटांनी मोठं कर, पण शेवटपर्यंत वाच. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे.

मागच्या वेळी आलास तेव्हा तुझा जुना मोबाईल मला देऊन गेलास. फार उपकार झाले. पण त्या मोबाईलला अजून कोणी सांगितलेलं नाही की त्याचा मालक बदलला. तो समजतो की मी परदेशात, तुझ्याच शहरात राहतो. रोज सकाळी दात घासायच्या आत मला कळतं की उद्या तिकडे कचरा उचलायला गाडी उशिरा येणार, अमुक रस्त्यावर पाइप धुणार असल्यामुळे पाणी गढूळ येईल, आणि तमक्या बाईचा पांढरा कुत्रा हरवला आहे. आधी मी एकटाच वाचायचो. मग एक दिवस टेकचंदच्या चहाठेल्यावर सहज सांगितलं, आणि गावाला चटक लागली. आता मी पोचल्याशिवाय टेकचंद चहाची दुसरी खेप चढवत नाही. कुत्रा सापडला त्या दिवशी त्याने सगळ्यांना फुकट खारी वाटली (टेकचंदने, फुकट. यावरून काय ते समज). तुझ्या शहराचं नाव कोणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ठेल्यावर त्याला "धाकटी एकोडी" म्हणतात. वस्ती भंडाऱ्याएवढी असेल, पण धाकटी ती धाकटीच.

तू म्हणशील, आपल्या गावाच्या बातम्या काय कमी आहेत? कमीच आहेत. आपल्या गावाच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दात काढून हसणारे भावी उमेदवार याशिवाय काही येत नाही. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आपल्या नाल्यावरच्या पुलाची फाईल तिकडे गेली असं इकडे सांगतात. तिकडे विचारलं तर ती भंडाऱ्यालाच आहे म्हणतात. काडीमोड झालेल्या नवराबायकोत लेकरू जसं "तुझ्याकडे, तुझ्याकडे" होतं, तशी ती फाईल वाढून वयात आली. आणि तिकडे? रस्त्यात खड्डा पडला की बातमी, आठवड्यात डांबर, आणि वर त्रास झाल्याबद्दल माफी. माफीची बातमी मी ठेल्यावर वाचून दाखवली. मग टेकचंद हळूच म्हणाला की असं गाव म्हणजे सासुरवाडी असावी, राहायला नको पण वर्षातून एकदा जायला पाहिजे.

तर दसऱ्याच्या सुमारास मार्थाबाईंची बातमी आली. (तू तिथेच राहतोस, तुला ठाऊक असेल. तरी सांगतो.) मार्थाबाई म्हणजे म्हातारी, एकटी, नवरा वारलेला. घराच्या मागच्या अंगणात तिने सहा कोंबड्या पाळल्या, आणि सहाही जणींना नावं दिली. तिकडे कोंबडी पाळायला परवाना लागतो. ही बातमी सांगितली तेव्हा कवडूने मला पुन्हा वाचायला लावली. कवडू म्हणजे आपल्या दंडारीच्या नाटकमंडळीचा म्होरक्या. कोंबडबाजारातल्या झुंजींचं नाव काढलं की तो कानावर हात ठेवतो, आणि त्याच्या घरी चार असील कोंबडे निव्वळ शोभेसाठी आहेत. म्हातारीने परवाना मागितला. तेवढ्यात शेजारच्या कोणा रहिवाशाने तक्रार ठोकली की वास येतो आणि सकाळी आवाज होतो. नाव दिलेलं नव्हतं, नुसतं "एक रहिवासी". तक्रार कायम राहिली तर परवाना नाही आणि कोंबड्या घराबाहेर. तक्रारदाराने मागे घेतली तर कोंबड्या राहणार. निकाल नगर परिषदेच्या सभेत.

दोन दिवस धानकापणीची मजुरी, हार्वेस्टरचा भाव सगळं बाजूला पडलं. तिकडे कोंबडी चालते पण कोंबडा चालत नाही, असा नियम आहे. कवडूला हे पटेचना. त्याने विचारलं की मग त्या बिचाऱ्या दिवसभर करतात काय. मी शास्त्र समजावून सांगितलं, ते त्याला अश्लील वाटलं. तुझी मामी पाणी आणायला चालली होती, तिने उभ्या उभ्या निकाल दिला: "एका घरी सहा बाया अन् बोंबलणारा एकही नाई. मंग तक्रार कायची?" ठेला सरसकट मार्थाबाईंच्या बाजूला झाला. सगळ्यांच्या आग्रहाखातर मी त्या बातमीखाली इंग्रजीत लिहिलं की बाई, घाबरू नका, एकोडी तुमच्या पाठीशी आहे. तिकडच्या कोणीतरी विचारलं की एकोडी हा आपल्या शहराचा कोणता मोहल्ला. टेकचंदच्या सांगण्यावरून मी उत्तर दिलं, पूर्वेकडचा, जरा लांब पडतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण भाऊबीज झाली आणि आपली मंडईची जत्रा आली. कवडू म्हणाला की दरवर्षी तोच सावकार आणि तीच सवत, लोक जांभया देतात, औंदा दंडारीत नवीन पाहिजे. आणि (तुझ्या मामाची बुद्धी कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे) मी कोंबड्यांचा प्रवेश लिहून दिला. कवडू झाला मार्थाबाई. नऊवारी लुगडं, डोक्यावर तागाचे सोनेरी केस, हातात काठी. गावातले सहा बापे कोंबड्या झाले. आणि तक्रारदार? त्याच्यावर मी सगळी शाई सांडली. त्याचं नाव ठेवलं साहेबराव नाकदाबे. कोट, टाय, कानात कापूस, आणि एका हाताने कायम नाक दाबलेलं. जन्म कुडाच्या घरात, बालपण शेणामातीत, आता शेजारणीच्या अंगणाचा वास येतो. मार्थाबाई त्याला प्रेमाने जेवायला बोलावते तर तो म्हणतो, "मले अंडे पायजे, कोंबडी नाई पायजे." बाबा रे, या वाक्याला जी शिट्टी पडली ती मला पोस्टातल्या निरोप समारंभातही मिळाली नव्हती. आता गावातली पोरं शाळेत जाताना हेच ओरडतात.

तुझी आई पहिल्या रांगेत, पोत्यावर मांडी घालून बसली होती. हसून हसून डोळ्यांना पदर लावत होती. नाकदाबे मार्थाबाईच्या खुराड्याला लाथ मारतो (ती लाथ मी रंगत यावी म्हणून पदरची घातली, बातमीत नव्हती), तेव्हा ढोलकी थांबली, आणि त्या शांततेत तुझी आई सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशी म्हणाली, "असं पोट्टं ज्या मायनं पैदा केलं, तिले एकडाव पाहाचं हाय मले."

लोक दंडारीपेक्षा त्यावरच जास्त हसले. आसगावचे पाहुणे आले होते, त्यांनी जागच्या जागी कवडूला सुपारी दिली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मंडईला हाच प्रवेश आहे, आणि लाथा दोन ठेवा म्हणाले.

मग आली ती सभा. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. सभा मोबाईलवर थेट दिसते, हे मी नको तेव्हा बोलून बसलो होतो. अंधारातच टेकचंदने स्टोव्ह पेटवला, बिस्किटांच्या बरणीला टेकून मोबाईल उभा केला, आणि सारा ठेला कांबळी पांघरून समोर बसला. शिस्त पाहण्यासारखी होती (तिकडची). जो उठेल त्याला तीन मिनिटं, मग लाल दिवा. असा दिवा आपल्या ग्रामसभेत लावला तर सरपंच सत्काराच्या हारातून मान बाहेर काढेपर्यंतच लाल होईल, असं टेकचंदचं म्हणणं. मार्थाबाई आल्या. वाळलेल्या, ठेंगण्या, जांभळा स्वेटर घातलेल्या. त्यांनी सहाही कोंबड्यांची नावं सांगितली आणि म्हणाल्या की दिवसभरात मी बोलते ती एवढ्यांशीच. मी ते मराठीत सांगितलं. कवडूने, ज्याने त्यांची नक्कल करून शिट्ट्या घेतल्या होत्या, तोंड फिरवून नाक शिंकरलं. मग अध्यक्षांनी तक्रारदाराला बोलावलं. मागच्या रांगेतून एक माणूस उठला, माइककडे यायला लागला, आणि नेमकी रेंज गेली. टेकचंदने टॉवरवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाकदाबे दिसता दिसता राहिला. नंतर एवढंच कळलं की तक्रार कायम ठेवायची का, हे त्याला येत्या मंगळवारच्या सभेत सांगायचं आहे.

असो. लिहिण्यासारखं आणखी पुष्कळ आहे, पण तुझी मामी कंदील विझवण्याच्या गोष्टी करते आहे (कंदील नाही, विजेचा दिवा आहे, पण धमकी जुनीच). तिकडे तुझ्याजवळ वडीलधारं कोणी नाही, म्हणून कोणाला नमस्कार सांगत नाही. तब्येतीला जप.

तुझाच,
आनंदमामा

ता. क. रेंज गेली नव्हती. मोबाईल मीच अंगठ्याने बंद केला. तू उठलास तेव्हा चेहरा दिसायच्या आधीच मी चाल ओळखली. डावा पाय असा ओढत चालणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली, तुझा बाप आणि तू. मग मोबाईल घेऊन बोअरिंगच्या हापशामागे गेलो आणि आवाज बारीक करून उरलेलं एकट्याने ऐकलं. पहिली दोन मिनिटं तुझा अभिमान वाटला. काय ते इंग्रजी, काय तो टाय. तिसऱ्या मिनिटाला शरम वाटली. रात्रभर काम असतं, पहाटे डोळा लागतो, आणि तेवढ्यात कोंबड्या सुरू होतात, हे तुझं सगळं खरं असेल. पण समोर ती म्हातारी दोन्ही हात काठीवर ठेवून, मान हलवून तुझं ऐकत होती, जसं काही तुझंच बरोबर आहे. मंगळवारी तक्रार मागे घे. वरचं सगळं पुराण एवढ्यासाठीच होतं. आसगावला नाकदाबेने खुराड्याला दोन लाथा मारायच्या आहेत, आणि त्या मी स्वतःच्या भाच्यासाठी लिहू शकत नाही.

ता. क. २. ठेल्याने ठराव केला आहे की त्या शहरात आपला अतुल आहे, त्याने तक्रारदाराला गाठून चार शब्द सुनवावेत. मी सांगितलं की अतुलची आणि त्याची जुनी ओळख आहे. कवडूने निरोप दिला आहे: "त्याले म्हणा, माणूस होय का कोण होय तू?" निरोप मिळाला असं समजतो.

ता. क. ३. पत्र घडी करून ठेवलं होतं, पुन्हा उघडावं लागलं. ती सभा नंतरही कोणालाही केव्हाही पाहता येते हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या करुणाला माहीत होतं. तिने ती तुझ्या आईला दाखवली, नाकदाबे पाहायला. करुणाने तुला ओळखलं नाही (तू गेलास तेव्हा ती परकर घालत होती, आणि मागच्या वेळी आलास तेव्हा ती शिकायला बाहेर होती), आणि तुझ्या आईने तिला काही सांगितलं नाही. मग तुझी आई माझ्याकडे आली, ओसरीवर बसली, आणि बराच वेळ पदराचा काठ चोळत राहिली. मला वाटलं, मंडईत जे बोलली ते आठवून रडणार. तिने विचारलं, "दादा, लेकराचे डोये पाहिले काय? किती दिवसाचं झोपलं नसंन थे?"

मी म्हटलं, दीपमाला, त्या म्हातारीच्या कोंबड्या जातील. तर म्हणाली, म्हातारी एकटी आहे म्हणून तिने त्याची झोप मोडावी असं कुठं लिहिलं आहे. मी म्हटलं, मंडईत तर तू वेगळंच बोलत होतीस. त्यावर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चष्मा पुसायला घेतला. जाताना दारात थांबून म्हणाली, "माह्या कोंबड्या इकून टाकतो मी बुधवारच्या बाजारात. त्याले लिहा, आता घरी आवाज नाई होत. ये अन् झोप."

अतुल, ती खरंच विकेल. कोंबड्या बाजारात न्यायच्या डाल्या आतापासूनच अंगणात काढून ठेवल्या आहेत. आम्ही परक्या बाईच्या सहा कोंबड्या वाचवायला निघालो होतो, आणि घरच्या सगळ्या चालल्या. मंगळवारच्या आत तिला फोन कर आणि एवढंच सांग की तुला कोंबड्यांचा काही त्रास होत नाही. खोटं असलं तरी चालेल. मग मंगळवारी तिकडेही तेच सांग.