फंडिंग रेटवर घारीची नजर

३ जून
कॉम्प्युटरवरचं टूल तयार. नाव ‘घार’. आता क्रिप्टोच्या सगळ्या एक्स्चेंजवर, म्हणजे बाजारांवर, माझी नजर.

तत्त्व सोपं. भाव वाढेल म्हणणाऱ्यांनी पडेल म्हणणाऱ्यांना ठरावीक वेळाने थोडे पैसे द्यायचे, हा फंडिंग रेट. तो प्रत्येक एक्स्चेंजवर वेगळा. जिथे जास्त, तिथे घेणाऱ्यांत बसायचं. जिथे कमी, तिथे देणाऱ्यांत. मधला फरक आपला. भाव चढो की पडो, आपल्याला काय! घार फरक हेरते आणि टिंग करते.

बायकोला समजावलं. म्हणाली की म्हणजे याची टोपी त्याला. गाढवाला गुळाची चव काय!

५ जून
नोकरी सोडायची. कुरिअर ऑफिसात सगळे ठोंबे भरलेत. राजीनामा मनात तयार आहे. खाली ‘आपला’ लिहायचं की नुसतं नाव, एवढंच ठरायचंय.

भांडवल हवं. बायकोने शिवणकामाच्या गाळ्यासाठी डिपॉझिट जमवलंय. महिनाअखेर भरायचंय. तोवर बँकेत नुसतं लोळतंय. मागितलं. तिने विचारलं की बुडाले तर? मी हसलो. ती हसली नाही. मशीन दहा वर्षं स्वयंपाकघराच्या दारात अडकून पडलंय, तेवढं लक्षात ठेवा, म्हणाली. पण दिले.

९ जून
पहिली टिंग! दशांश सोडून लिहितो. एका एक्स्चेंजवर रेट आठ, दुसऱ्यावर दोन. आठ घ्यायचे, दोन द्यायचे, सहा खिशात. शेंबड्या पोरालाही कळेल. वर एक्स्चेंजकडून दहापट उसनं भांडवल घेतलं. थेंबे थेंबे तळं साचवायला मी काय म्हातारा आहे?

मेहुणा आला होता. गाद्यांच्या दुकानात सेल्समन. दिवसभर लोकांना आडवं करणं हा याचा धंदा. बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला की भाऊजी, तुम्ही जे जे कराल त्याचा फोटो मला पाठवत जा. चला, सासरच्या एकाला तरी अक्कल आली.

१२ जून
शिल्लक थोडी कमी दिसते. फी असणार. नव्या धंद्यात असं होतंच.

१६ जून
आणखी कमी. दोष इंटरनेटचा. त्या कंपनीच्या बाईला फोनवर चांगलं झापलं. तिने मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. अशा लोकांच्या हातात देशाचं नेट!

मेहुण्याला फोटो जातायत. तो रोज मनापासून आभार मानतो. गादीवाला असला तरी शिष्य बरा.

१९ जून
राजीनामा पुढच्या आठवड्यात. साहेबाला सवय व्हावी म्हणून आज गुड मॉर्निंग म्हटलं नाही. त्याच्या लक्षात आलं नाही. माठ.

२४ जून
बायको रोज विचारते. पैसे कामात आहेत, असं सांगितलं. खोटं नाही. कुणाच्या कामात, ते तिने विचारलं नाही.

२७ जून
जेमतेम अर्धे उरले. भीती वाटते. सगळं मोडून उरलेले काढून घेतले. टिंग ऐकवेना, म्हणून आवाज बंद केला. बाजारच मूर्खांचा; तिथे शहाण्याचं कसं चालणार?

२९ जून
बायकोला सांगावं लागलं. ती मशीनवर झाकण घालून आत गेली. मनाला फार लागलं.

संध्याकाळी मेहुण्याने येऊन डिपॉझिटचे पूर्ण पैसे बहिणीच्या हातावर ठेवले. कुठून आणलेस, विचारलं. म्हणाला, तुमच्या घारीची कृपा. मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. मग तो खाली बघत म्हणाला की भाऊजी, राग मानू नका, पण मी दर वेळी माझे पैसे तुमच्या अगदी उलट लावले. तुम्ही घेणाऱ्यांत, की मी देणाऱ्यांत. का, विचारलं. म्हणाला की फ्रिज, स्कूटर, प्लॉट, सगळ्यांत तुमचा सल्ला पाहिलाय. अनुभव. बायकोने मान डोलावली.

तो गेल्यावर एक्स्चेंजचे नियम उघडून वाचले. आठ मिळतात ते दिवसातून तीनदा. दोन जातात ते दर तासाला. आठ त्रिक चोवीस आले, चोवीस दुणे अठ्ठेचाळीस गेले. घारीला मी घड्याळच शिकवलं नव्हतं. क्षुल्लक बाब. कुणाच्याही नजरेतून सुटली असती.

मेहुण्याला फोन करून सांगितलं की चूक सापडली, उद्याच सुधारतो. तो गयावया करू लागला. भाऊजी, पाया पडतो, तेवढी सुधारू नका, म्हणाला.

४ जुलै
गाळा ताब्यात आला. राजीनामा रहित. ऑफिस माझ्यावाचून कोसळेल, एवढं पाप नको.

गाळ्याला निळा रंग द्यावा की पिवळा, असं आज बायकोने आपणहून विचारलं. बरं वाटलं. शेवटी घरात विचार करणारा माणूस लागतोच. उजेड, गिऱ्हाईक, कापड, सगळं डोक्यात घेऊन निळा सांगितला. तिने मान हलवली आणि माझ्यासमोरच रंगाऱ्याला फोन लावून पिवळा सांगितला.