नऊ बोकडांची घट

आबा, तुमचा हात चुकला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि सांगायचं ते पोटातच राहील. त्या शनिवारी चाकणच्या बाजारात तुम्ही नऊ बोकडं घेतलीत. एकेकाला छातीखाली आणि मांड्यांखाली हात घालून वीतभर उचलायचात आणि वजन बोलायचात. बावीस. साडेचोवीस. हे लबाड हाय, दिसतंय थोराड पण वीसच भरंल. मी दुकानात नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, त्याला तुम्ही हसायचात. "ऱ्हाऊ दे बाबा, त्याला लाईट लागती, मला भाकरी लागती."

दुकान उघडायचं म्हणून बोकडं आणि टेम्पो माझ्यावर सोडून तुम्ही बसने चिखलीला पुढे निघालात. जाताना म्हणालात, "ऊन चढायच्या आत ये. जनावर भ्यालं, तापलं की अंगातलं पाणी सोडतंय." हे मी जन्मभर ऐकत आलेलो. आणलेलं जनावर तुम्ही त्याच दिवशी कधी कापलं नाही. त्याला पाणी दाखवायचं, सुबाभळीचा पाला टाकायचा, एक दिवस निवांत उभं राहू द्यायचं. भ्याव उतरू दे त्याचं, म्हणायचात. मी म्हणायचो, उद्या कापायचंच आहे तर आज एवढे लाड कशाला?

आणि मी थांबलो, आबा. एका कंपनीच्या गेटवर भरती होती. इस्त्रीचा शर्ट मी घरूनच सीटमागे लपवून आणला होता. लाइनीत कुणाला वास येऊ नये, खाटकाचं पोर म्हणून कुणी ओळखू नये, म्हणून टेम्पो लांब एका गोडाऊनच्या मागे लावला. तिथे सावलीचा पत्ता नव्हता. तासाभरात सुटेन वाटलं होतं, दुपार झाली. फॉर्मवर वडिलांचा धंदा विचारला होता, तिथे मी शेती लिहिलं. आपली कसली शेती, दारातली तुळस तेवढी. साहेब म्हणाला, कळवू. आजतागायत कळवतोय. परत आलो तर बोकडं ओरडतही नव्हती. तोंडं उघडी, कुशी खपाटीला गेलेल्या, एकमेकांवर रेलून उभी, पायाखाली नुसता चिखल झालेला. बाटलीतलं उरलेलं पाणी मी त्यांच्या तोंडांवर मारलं आणि आधी शर्ट बदलला.

दुकानात गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. मोशीचे ते म्हातारे नाना, त्यांच्या नातवाची दुसऱ्या दिवशी हळद होती आणि नऊच्या नऊ बोकडं त्यांना जिवंत वजनावर न्यायची होती. तुम्ही वजनं आधीच सांगून बसला होता. मी पहिलं बोकड काट्यावर घेतलं. बावीसचं वीस भरलं. दुसरंही दोन किलोने कमी. नऊच्या नऊ तशीच. नाना हसले, वाईट मनाने नाही. "आबा, राग नका मानू, पन तुमचा हात आता म्हातारा झाला बरं का."

तुम्ही एका बोकडाच्या कुशीवरून हात फिरवलात आणि माझ्याकडे बघितलंत. "वाटंत थांबला व्हतास?"

"नाही आबा. टेम्पोची बॅटरी बसली होती. बोकडं बाजारातच लिंबाखाली सावलीत उभी होती. दोनदा पाणी पाजलं."

पाणी पाजलं. हे मी का म्हणालो कुणास ठाऊक, नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुशी तुमच्या बोटांना सांगत होती, तरी तुम्ही माझं ऐकलंत. संध्याकाळी आई ताट वाढताना म्हणाली, "उन्हानं वाळली असतील हो." तुम्ही म्हणालात, "न्हाई गं, पोरानं पाणी पाजलंय." मी पुढ्यातला घास गिळला. त्यानंतर तुम्ही बाजाराला कधी आला नाहीत. दुकानात कुणी बोकड आणून पुढे उभं केलं तर म्हणायचात, काट्यावर घ्या.

तुम्ही गेल्यापासून दुकान मीच चालवतो. गेल्या आठवड्यात तळेगाव चौकात गाडी तीन तास अडकली. बाजारात काट्यावर भरलेल्या वजनांची चिठ्ठी खिशात होती. दुकानात येऊन एकेक बोकड पुन्हा काट्यावर घेतलं, दोन-दोन किलो गेलेले. आम्ही त्याला घट म्हणतो, हसण्यावारी नेतो. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

पण लाज वाटते ती नुसत्या खोटं बोलण्याची नाही. नाना तुमच्या हाताबद्दल बोलले आणि तुमचं तोंड उतरलं, तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. घरात चूक नेहमी माझीच निघायची. त्या दिवशी तुमची निघाली.

हे सगळं लिहून आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. तिला अजून नीट ऐकू येतं. काल शेजारीण आली होती, तिला आई सांगत होती, "शेवटी शेवटी ह्यांचा हात गेला व्हता." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय की न्हाई रे?"

मी म्हणालो, व्हय.