दीड मिलिमीटरची जागा

प्रिय अक्कलदाढ,

या नावावर तू आता नाक मुरडशील. पण दोन भावांच्या मागून दहा वर्षांनी उगवलीस आणि आल्या आल्या सगळ्यांना सरकून जागा करायला लावलीस, त्याला माझा इलाज नाही. फोनवर तू 'हो', 'बरं' आणि 'ठेवते' यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. शिवाय मी फोनवर बोलायला लागलो की तुझी आई शेजारून सूचना करते. आज ती मावशीकडे गेलीय.

बातमी अशी, की दंतवैद्यकीच्या तुझ्या त्या परदेशी परवाना परीक्षेची माहितीपुस्तिका मी वाचली. सगळी चौऱ्याण्णव पानं, शब्दकोश मांडीवर घेऊन. तू ती लॅबमधल्या माझ्या टेबलावर विसरली होतीस आणि इतके महिने मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. आता मला काहीही विचार. संगणकावरच्या पहिल्या भागात दोनशे प्रश्न. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही कोरा सोडायचा नाही. त्यातले काही प्रश्न नुसते चाचपून बघायला घातलेले असतात, ते मोजतच नाहीत, पण कुठले ते सांगत नाहीत. लबाड लोक. आणि पास व्हायला पंचाहत्तर लागतात म्हणजे शंभरातली पंचाहत्तर उत्तरं बरोबर, असं नव्हेच. कुणाला सोपा पेपर येतो, कुणाला अवघड, ते सगळे एका पट्टीवर आणून काढलेला तो आकडा आहे. तुझे ब्याऐंशी आले तेव्हा 'उरलेले अठरा कुठे सांडलेस' असं मी विचारलं होतं. ती चौकशी मागे घेतो.

ती पुस्तिका हातात असताना सारखी आपली जुनी जागा आठवत होती. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागची प्लायवूडच्या भिंतीची खोली. मी पेशंटच्या दातांच्या मापात प्लास्टर ओतायचो, मेणाचे दात कोरायचो, आणि तू शाळेतून आलीस की उंच स्टुलावर बसून गृहपाठ करायचीस. उठलीस की मागे प्लास्टरचा पांढरा ठसा. लाल-पिवळा शिकायच्या आधी तू दातांच्या रंगाची पट्टी पाठ केलीस आणि घरी आलेल्या काकांना तोंडावर सांगितलंस, काका, तुमचा समोरचा दात ए-चार आहे, चांगलाच पिवळा. काका त्यानंतर आपल्याकडे ओठ मिटून हसायचे.

मला शिकवलं त्या भिंतीनं. पलीकडे डॉक्टरांचं मशीन चालायचं आणि त्याच्या आवाजावरून मला कळायचं, आता वरवर कापतायत, आता खोल गेले, आता पेशंट दचकला म्हणून हात आखडला. हात आखडला की माझी पंचाईत. कॅपला जाडी हवी दीड मिलिमीटर, डॉक्टर जागा सोडणार जेमतेम एक. मग कॅप बसते उंच, पेशंटला चावता येत नाही, आणि पलीकडून ऐकू येतं, 'काय करणार हो, लॅबवाल्यानं उंच बनवलीय.' मी अलीकडे, हातात मेण, उत्तर तोंडातल्या तोंडात.

ते तोंडातलं सगळं घरी जेवताना निघायचं. आज अमक्यानं जागा सोडली नाही, उद्या तमका सोडणार नाही. अरे, अजून थोडं काप ना बाबा, तुझ्या घरचं काय जातंय? तुझी आई म्हणायची, जेवताना तरी लोकांच्या तोंडातून बाहेर या. भाऊ हसायचे. तू हसायची नाहीस, ऐकायचीस. वीस वर्षं रोज दोन वेळा ऐकलंस. डॉक्टर झालीस तेव्हा म्हणालीस, बाबा, माझ्याकडून येणाऱ्या मापाला तुम्ही कधी शिव्या देणार नाही. मी ते वाक्य गावभर सांगत फिरलो.

आता दुसऱ्या भागाबद्दल. खुर्चीला बांधलेलं पुतळ्याचं डोकं, त्यात प्लास्टिकचे दात, ते कॅपसाठी कापून दाखवायचे. तीन परीक्षक, काम कुणाचं ते तिघांनाही ठाऊक नाही, एकमेकांशी बोलायची बंदी. कापलेल्या कडेची रेघ, शेजारचा दात शाबूत आहे का, वरून कापलेली जाडी, प्रत्येकाला वेगळे गुण. पण तिघांपैकी दोघांनी एखाद्या गोष्टीला सगळ्यात खालचा रकाना दिला, तर बाकीचं सोन्यासारखं असलं तरी तो दात शून्य. तुझं गुणपत्रक तू भावाला पाठवलं होतंस, त्यानं मला दाखवलं. रेघ पूर्ण. शेजारचा दात पूर्ण. वरची जाडी, दोन परीक्षक, खालचा रकाना. पुस्तिकेत पान एकसष्टवर लिहिलंय, अडीच मिलिमीटरच्या पुढे गेलं की जिवंत दाताच्या नसेला धोका. हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. माझ्याकडे दात प्लास्टरचा येतो, त्याला नस नसते, म्हणून विसरलो.

तू आता एका दवाखान्यात पेशंटच्या वेळा लिहून घेतेस असं कळलं. आईला म्हणालीस, माझा हातच या कामाचा नाही. दुसरा भाग पुन्हा देता येतो, पण पहिल्याचे ब्याऐंशी दीड वर्षच टिकतात, त्यातले चौदा महिने गेले. उरलेल्या दिवसांत एकच परीक्षा आहे आणि तिचा अर्ज येत्या वीस तारखेपर्यंत घेतात. ती चुकली तर सगळं पहिल्यापासून.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तू माझ्या टेबलावर सराव करत होतीस. मी पाठमोरा होतो, पण मशीनचा आवाज ऐकत होतो. तू खोल जात होतीस, मला स्पष्ट ऐकू येत होतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. मग मशीन थांबवून तू विचारलंस, बाबा, जास्त तर होत नाहीये ना? मी मागे वळूनही न बघता म्हणालो, अजून थोडं घे. नापास झाल्यावर तू परीक्षकांना नावं ठेवली नाहीस, स्वतःच्या हाताला ठेवलीस, आणि माझ्या त्या तीन शब्दांचा उच्चार कुणाकडे केला नाहीस, आईकडेसुद्धा नाही. तू सांगणार नाहीस म्हणून मीच लिहून कळवतोय. तुझा हात चांगला आहे, त्याला भलत्यानं सांगितलं. अर्ज भर. आणि या वेळी दीडवर थांब. कॅप कशी बसवायची ते आम्ही लॅबवाले बघून घेऊ.

तुझाच,
भिंतीअलीकडचा बाबा