शंभरात ऐंशी

३ फेब्रुवारी, रविवार

हरलो. सगळी बटणं गेली!

आक्का, हिची थोरली बहीण, दोन महिने मागे लागली होती. "तिची खुर्ची रिकामी ठेवायची नाही असं ठरलंय. तुम्ही या." आज गेलो. शिंपीणबाईंच्या दुकानामागची खोली, कापड बेतायचं टेबल, त्यावर पोकरचा डाव. पैशांऐवजी शर्टाची बटणं. चौथे औषधवाले. ही बारा वर्षं दर रविवारी दुपारी इथे यायची. मी एकदाही आलो नव्हतो.

४ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत गणित मांडलं. माझ्या हातात दोन बदाम, टेबलावर चार पानं उघडी, त्यांत दोन बदाम. अजून एक पान यायचंय. बदाम आलं तर पाच बदाम होतील, डाव बहुतेक माझा. न दिसलेली पानं शेहेचाळीस, त्यांत बदाम नऊ. म्हणजे शंभरात वीस. ढिगात चाळीस बटणं असली आणि दहा टाकून खेळात राहता आलं, तर राहायला हरकत नाही. इतकं सोपं!

वीस. पुढे काही लिहवत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

तासभर गणितावर जिंकलो. मग पानंच येईनात. म्हटलं थाप मारून बघू. हातात काही नसताना बटणांचा ढीग पुढे सरकवला आणि म्हणालो, "सत्तर टक्के डाव माझा आहे."

शिंपीणबाईंनी दातांतली टाचणी काढली. "दाखवा पानं!"

तीनदा थाप, तीनदा पकडलो गेलो. औषधवाले म्हणाले, "काटासाहेब, तुम्ही म्हणजे लेबल लावलेली बाटली. आत काय आहे ते बाहेरून वाचता येतं." (मी वजनमापं तपासतो म्हणून हे नाव.)

"पण कळतं कसं?"

"तिने वहीत लिहून ठेवलंय," आक्का म्हणाली. "प्रत्येकाची खोड. तुमचीसुद्धा."

"मी तर कधी खेळलोच नाही!"

"संसार केला ना तिने तुमच्याशी! आधी एक थाप पचवून दाखवा, मग वही देते."

१३ फेब्रुवारी

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितो.

नोव्हेंबरात डॉक्टर व्हरांड्यात म्हणाले, शंभरात वीस. मी आत गेलो आणि तिला सांगितलं, ऐंशी टक्के. ती "बरं" म्हणाली आणि खिडकी उघडायला सांगितली. एकोणीस दिवसांनी गेली.

खरं कळलं असतं तर मनातलं कुणाशी बोलली असती. काही सांगून ठेवलं असतं. तेवढंही मी तिच्याकडून काढून घेतलं. आणि मी दुसऱ्यांचे काटे तपासतो!

१७ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा हरलो. पण हसलो! चांगली पानं आली की औषधवाल्यांना शिंका येतात. आज तीन राजे आले आणि बिचारे नाक दाबून लालबुंद झाले. शिंपीणबाई म्हणाल्या, "एवढं दुकान भरून औषधं, आणि यावर एक गोळी नाही!"

किती दिवसांनी हसलो, ते घरी आल्यावर लक्षात आलं.

२० फेब्रुवारी

आज बाजारात तपासणी. एका दुकानात पाऊल टाकतो न टाकतो तोच, "साहेब, गेल्याच महिन्यात शिक्का मारून घेतलाय. एका ग्रॅमचा फरक निघायचा नाही!" निघाला. किलोमागे चाळीस ग्रॅम.

ज्याचं माप खरं, तो गिऱ्हाइकाचं करत राहतो. खोट्या मापाचा माणूस न विचारता आकडे सांगतो. अठ्ठावीस वर्षं हे बघतोय.

आणि टेबलावर मी काय करतो?

२४ फेब्रुवारी, रविवार

हातात सत्ती आणि तिर्री. कशाला काही जुळत नव्हतं. ढीग सरकवला. आकडा ओठांवर आला होता. गिळला.

"काय, आहे का काही?" शिंपीणबाई.

"बघू."

तिघांनीही पानं टाकली, डाव सोडून दिला! मी माझी उलटून दाखवली. औषधवाले उभेच राहिले. "काटासाहेब! तुम्ही?" आक्का हसता हसता डोळे पुसायला लागली. मग पिशवीतून वही काढून दिली.

"तुमचं पान शेवटचं आहे. इथे नको, घरी वाचा."

२५ फेब्रुवारी

सकाळी वाचलं. हिचंच अक्षर.

'हे: खरं असलं की "बघू" म्हणतात. थाप असली की टक्के सांगतात.'

त्याखाली वेगळ्या शाईत, ९ नोव्हेंबर:

'आज म्हणाले, ऐंशी टक्के. मी पानं टाकली. हा डाव त्यांना घेऊ दे. संध्याकाळी आक्काशी सगळं बोलून घेतलं. माझी खुर्ची यांना द्यायला सांगितली. हरतील, पण हसतील.'