पुढं बाजा, मागं भलताच नवरदेव

मु. पो. लोणी, ता. आंबेगाव

तीर्थस्वरूप द्रौपदामावशीस,

रत्नदीपचा सविनय जयभीम. इथं आम्ही सगळे खुशाल आहोत, तुझ्या गुडघ्याचं कसं काय ते कळव. आई विचारते, दिलेलं तेल लावतेस का नुसतं कपाटात ठेवून त्याच्याकडं बघतेस? काकांचा खोकला गेला असेल अशी आशा आहे (गेला नसेल तर त्यांची तंबाखूची पुडी लपव, फळीवर नको, तिथं ते आधी बघतात). फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि तुझ्या घरात सकाळी बोललेलं दुपारपर्यंत अख्ख्या मंचरला पाठ झालेलं असतं. म्हणून हे पत्र रुपेशच्या हाती देतोय. विशेष असं काही नाही, सहजच लिहितोय.

तू माझ्यासाठी नारायणगावचं स्थळ बघितलंस, त्याचे तुझे लई उपकार. मुलगी लॅबमध्ये रक्त तपासते, घरची माणसं चांगली, रविवारी बघायचा कार्यक्रम ठरलाय, सगळं झकास. फक्त 'मुलगा काय करतो' असं त्यांनी विचारल्यावर तू 'चाकणला एअर कॉम्प्रेसरच्या कंपनीत आहे' असं ठोकून दिलंस. (हे मला कुणी सांगितलं ते खाली येईलच, आत्ताच आईवर घसरू नकोस.) मावशे, मी बँडमध्ये युफोनियम वाजवतो. पोटाशी धरायचा तो मोठा पितळी बाजा. त्यात हवा लागते आणि दाब लागतो हे कबूल, पण म्हणून चाकण? तू मायेपोटी केलंस हे मला कळतं. 'बँडवाला' म्हटल्यावर आधीची स्थळं अर्धा चहा तसाच ठेवून उठली, ते तू डोळ्यांनी बघितलंयस. पण खरं सांगू, थोडं लागलं. लोकांच्या लग्नाचं आमच्यावाचून पान हलत नाही, आणि आमच्या लग्नाचा विषय निघाला की सगळ्यांना शेवटची एसटी आठवते. असो.

आता गुरुवारची गंमत ऐक. आधी आमच्या कामाची एक रीत सांगतो. फुंकणारे सगळ्यात पुढं, त्यांच्या मागं ढोल-ताशे, आणि शेवटी घोड्यावर नवरदेव. फुंकणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. मान वळली की ओठ सुटतो, ओठ सुटला की सूर जातो, आणि सूर गेला की दादाभाऊ मास्तर भर रस्त्यात आमचा उद्धार करतात. त्यामुळं एवढी लग्नं वाजवली, पण एकाही नवरदेवाचं तोंड मी धड बघितलेलं नाही. मागं ढोल वाजतोय ना, मग नवरदेव असणारच, असं धरून चालायचं. आणि इतकी वर्षं तो असायचाही.

गुरुवारी ओझरच्या एका पार्टीची सुपारी होती. नारायणगावात मारुतीपासून हायवेच्या कार्यालयापर्यंत मिरवणूक. पुढं आम्ही तिघं, सोपाननाना आणि रुपेश ट्रंपेटवर, मी बाजावर. हायवेला टोमॅटोच्या पिकअपांची ही रांग! आम्ही तिघं त्यातून निसटलो आणि पाठीमागं एक पिकअप आडवी घुसली. ढोलवाले, मास्तर, घोडा, नवरदेव, सगळे पलीकडं अडकले. आम्हाला काय पत्ता? मागं ढोल वाजतच होता. फक्त तो आमचा नव्हता. सर्व्हिस रोडनं दुसरीच एक मिरवणूक चालली होती, त्यांच्याकडं नुसता ढोल-ताशा, फुंकणारं कुणी नाही, ती येऊन आमच्या पाठीला लागली. ताल असा जुळला म्हणतेस! मला वाटलं, आज आपला ढोलवाला लई मन लावून वाजवतोय (एरवी त्याचं अर्धं लक्ष मोबाईलात). त्या नवऱ्याकडच्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी बँड पाठवला. मुलीकडच्यांना वाटलं, नवऱ्याकडच्यांनी आणला. लग्नात कोण कुणाला विचारतंय!

वाटेत त्यांच्यातलं कुणीतरी पुढं येऊन 'इकडं, इकडं' म्हणून हात करायला लागलं, त्यामागं आम्ही गणपतीचं गाणं वाजवत थेट मांडवात. समोर बघतो तर निळे झेंडे, स्टेजवर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि पांढऱ्या साडीतली नवरी. मी म्हटलं, ओझरच्या पाव्हण्यांनी धम्म कधी घेतला? आणि बाजातून भलताच सूर बाहेर पडला. पण सोपाननाना जुना गडी. त्यानं दम न सोडता गणपतीवरून गाणं सरळ भीमगीतावर वळवलं, आम्ही दोघं मागोमाग. मावशे, काय सांगू, मांडव उठला! म्हातारी माणसं काठ्या टाकून नाचली. मग आग्रह करकरून आम्हाला पहिल्या पंगतीला बसवलं. (आम्हाला सवय शेवटच्या पंगतीची. पहिल्या पंगतीत घास उतरेना.) खरा नवरदेव तिकडं घोड्यावर बसून टोमॅटोचे क्रेट न्याहाळत होता, ते नंतर मास्तरांनी आम्हाला फार सविस्तर सांगितलं.

तर पंगतीत जिलेबी वाढायला कोण यावं? तेजस्विनी! तू पाठवलेल्या फोटोतली, तीच. लग्न तिच्या मामेबहिणीचं. माझ्या अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, फुंकून फुंकून ओठ सुजलेले. तिनं जिलेबी वाढली आणि हळूच म्हणाली, "आज चाकणची कंपनी बंद हाये का?" मी म्हणालो, "कसली कंपनी?" झालं! तिनं तू सांगितलेलं सगळं सांगितलं, मी माझं खरं ते सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. आणखी एक जिलेबी टाकली आणि पुढच्या ताटाकडं गेली. त्या दुसऱ्या जिलेबीचा अर्थ काय, ह्यावर अजून आमचं एकमत नाही. नाना म्हणतो होकार आहे, रुपेश म्हणतो तिच्या हातात जास्त आली असेल.

मावशे, मुलगी मला मनापासून आवडली. म्हणूनच भीती वाटते. बाजा ठेवून खरंच चाकणला जावं का, असंही एकदा मनात आलं. पण सकाळी विहिरीवर बसून सूर धरला आणि वाटलं, हे सोडलं तर माझ्यात राहिलं काय?

बाकी सगळं ठीक. कांदा बराखीत भरलाय. काकांना जयभीम, बारक्यांना पापा.

तुझा,
रत्नदीप

ता. क. वर 'सहजच लिहितोय' म्हटलंय, ते खोटं आहे. रविवारच्या आत तिच्या वडलांना फोन करून, पोरगा बँडवाला आहे हे तू स्वतः सांग. मी सांगितलं तर तू खोटी पडशील, आणि ते मला बघवणार नाही.

ता. क. २. फोनला उशीर करू नकोस. मांडवात माझ्यापुढं सगळ्यात जास्त नाचले ते तिचे वडीलच होते. माझा फोटो त्यांनी बघितलाय, पण लाल कोटातल्या माणसाचं तोंड कोण बघतंय! निघताना नानाला म्हणाले, "आमच्या पोरीचं जमत आलंय, पोरगा चाकणला कंपनीत हाये. लग्नाला तुमीच यायचं. आन् ह्यो पोटाशी बाजा धरलेला पोरगा नवरदेवाच्या म्होरं पायजेच पायजे." नानानं माझ्याकडं बघत बघत सुपारी घेतली. म्हणजे आता मी बाजा वाजवत पुढं आणि माझा घोडा मागं रिकामा.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तेजस्विनीचा फोन आला. घरी ती अजून काही बोललेली नाही, ते तिनं तुझ्यावर सोडलंय. तुला निरोप आहे, तिच्याच शब्दांत देतो: "मावशींना म्हणावं, त्या चाकणच्या पोराला माझा नकार कळवा. रविवारी बाजावाल्याला घेऊन या."